करड्या खान्यांचा अर्थ: मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी कम्प्लायन्स टूलकिट, सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या नजरेतून

ऑडिटरच्या यादीत एक ओळ हमखास असते: 'एमएसएस: आयपी सोर्स राउटिंग प्रोटेक्शन लेव्हल, हायेस्ट प्रोटेक्शन'. ती तपासायला ग्रुप पॉलिसीचा, म्हणजे अनेक मशीनना एकाच जागेवरून सेटिंग्ज देणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेचा, एडिटर उघडावा, सिक्युरिटी ऑप्शन्सची यादी वरून खाली दोनदा वाचावी, तर त्या नावाची ओळच नसते. सर्व्हर बिघडलाय की पॉलिसी कुणी काढली, हेही कळायला मार्ग नसतो. 'सेटिंग गायब आहे' या एका वाक्याखाली खरं तर निरनिराळे आजार असतात: सेटिंग एडिटरला दिसत नाही, दिसते पण सर्व्हरपर्यंत पोचत नाही, किंवा पोचते आणि लागू होताना अडकते. ज्याला हे वेगळे ओळखता येत नाहीत तो जीपीअपडेट फोर्स ही पॉलिसी ताबडतोब लावणारी आज्ञा पुन्हा पुन्हा मारत बसतो. मायक्रोसॉफ्टचं सिक्युरिटी कम्प्लायन्स टूलकिट या निदानासाठी कितपत उपयोगी पडतं, ते इथे पाहू.

टूलकिट फुकट आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड सेंटरवर मिळतं. त्याला इन्स्टॉलर नाही, नुसत्या झिप फायली आहेत: विंडोज सर्व्हर २०१६, २०१९, २०२२ आणि २०२५ च्या बेसलाइन (मायक्रोसॉफ्टनं सुचवलेल्या सुरक्षा सेटिंग्जचे तयार संच), विंडोज १० आणि ११ च्या वेगळ्या, आणि सोबत पॉलिसी अ‍ॅनालायझर, एलजीपीओ, सेटऑब्जेक्टसिक्युरिटी ही साधनं. याआधी सिक्युरिटी कम्प्लायन्स मॅनेजर नावाचं अवजड साधन होतं, आपल्याबरोबर एसक्यूएल एक्स्प्रेसही मशीनवर आणणारं. ते २०१७ मध्ये बंद झालं आणि ते बरंच झालं. आताची साधनं पेनड्राइव्हवरून चालतात. सगळ्या झिप उतरवायची गरज नाही. आपल्या सर्व्हरच्या आवृत्तीची बेसलाइन, पॉलिसी अ‍ॅनालायझर आणि एलजीपीओ एवढ्या तिन्हींवर काम भागतं.

बेसलाइनच्या झिपमध्ये डॉक्युमेंटेशन, जीपी रिपोर्ट्स, जीपीओज (जीपीओ म्हणजे ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, पॉलिसीच्या सेटिंग्जचा एक गठ्ठा), स्क्रिप्ट्स आणि टेम्प्लेट्स असे फोल्डर निघतात. टेम्प्लेट्सकडे बहुतेक जण बघतही नाहीत, आणि सुरुवातीच्या त्या एमएसएस ओळीचं उत्तर नेमकं तिथेच असतं. 'एमएसएस' (मायक्रोसॉफ्ट सोल्यूशन्स फॉर सिक्युरिटी) सेटिंग्ज विंडोजच्या सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये मुळात कधी नव्हत्याच. जुन्या काळी एससीईआरईजीव्हीएल.आयएनएफ ही फाइल बदलून त्या यादीत घुसवाव्या लागत. आता त्या एमएसएस-लेगसी.एडीएमएक्स या टेम्प्लेटमधून, म्हणजे एडिटरला कोणत्या ओळी दाखवायच्या ते सांगणाऱ्या फाइलमधून, येतात, आणि डब्ल्यूडायजेस्ट, एसएमबी व्ही१, नेटबीटी नोडटाइप वगैरे सेकगाइड.एडीएमएक्समधून. दोन्ही टेम्प्लेट विंडोजबरोबर येत नाहीत, ती स्वतः कॉपी करायची असतात. एडीएमएक्स फाइल पॉलिसीडेफिनिशन्स फोल्डरमध्ये आणि त्याच नावाची एडीएमएल (त्या ओळींचा मजकूर असलेली) फाइल त्यातल्या 'एन-यूएस' उपफोल्डरमध्ये. नुसती एडीएमएक्स टाकली तर एडिटर उघडतानाच रिसोर्स सापडत नसल्याची चूक दाखवतो. दोन्ही जागच्या जागी गेल्या की अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्सखाली 'एमएसएस (लेगसी)' आणि 'एमएस सिक्युरिटी गाइड' अशी दोन नवी फोल्डरं उगवतात. सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये शोधत राहिलात तर जन्मात सापडणार नाहीत.

आता डोमेनमधली, म्हणजे केंद्रीय डोमेन कंट्रोलरखाली जोडलेल्या मशीनच्या जाळ्यातली, मेख. डोमेनला सेंट्रल स्टोअर असेल, म्हणजे सिसव्हॉल या डोमेन कंट्रोलरवरच्या सामायिक फोल्डरमधल्या पॉलिसीजखाली पॉलिसीडेफिनिशन्स नावाचं फोल्डर असेल, तर डोमेनच्या जीपीओसाठी एडिटर आपल्या मशीनवरच्या टेम्प्लेटकडे ढुंकूनही बघत नाही. मग सी ड्राइव्हवर कितीही फायली टाका, काही उगवत नाही. हेच उलट बाजूनेही होतं: कुणीतरी २०१२ आर२ च्या काळात सेंट्रल स्टोअर बनवलं, सर्व्हर २०२२ वर गेले, पण त्या फोल्डरला नंतर कुणी हात लावला नाही. मग नव्या सेटिंग्ज एडिटरमध्ये दिसत नाहीत आणि दोष नव्या सर्व्हरला दिला जातो. उपाय सेंट्रल स्टोअरची प्रत काढून ठेवून नवी टेम्प्लेट त्यावर चढवणं हाच. घाईच असेल तर आपल्या अ‍ॅडमिन मशीनवर रजिस्ट्रीत पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुप पॉलिसी या किल्लीखाली 'इनेबललोकलस्टोअरओव्हरराइड' नावाची डीवर्ड (अंकी नोंद) १ करावी, म्हणजे एडिटर स्थानिक टेम्प्लेट वाचतो. तपासणीपुरतं हे चांगलं, कायमचा संसार त्यावर मांडू नये.

या प्रकारात सेटिंग जिवंतच असते, हे लक्षात ठेवावं. जीपीएमसीमध्ये (ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट कन्सोल) त्या जीपीओचा सेटिंग्ज रिपोर्ट उघडला की तळाशी 'एक्स्ट्रा रजिस्ट्री सेटिंग्ज' असा मथळा दिसतो. आपली हरवलेली ओळ तिथे रजिस्ट्रीच्या मूळ नावानं बसलेली असते. हा मथळा दिसला की फक्त टेम्प्लेट गहाळ आहे असं समजावं आणि सर्व्हर उकरायला जाऊ नये.

सिक्युरिटी ऑप्शन्सची यादीच सगळी रिकामी दिसत असेल तर टूलकिट कामाचं नाही. ही यादी रजिस्ट्रीत 'एसईसीएडिट' किल्लीखालच्या 'रेग व्हॅल्यूज'मधून बनते. ती पुसली गेली किंवा अर्धवट राहिली की एडिटरचा उजवा भाग मोकळा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून रेगएसव्हीआर३२ एससीईसीएलआय.डीएलएल ही आज्ञा द्यावी. एससीईआरईजीव्हीएल.आयएनएफ फाइल पुन्हा वाचली जाते आणि यादी परत भरते. एडिटर बंद करून पुन्हा उघडायला विसरू नये.

पॉलिसी अ‍ॅनालायझर हा या टूलकिटचा जीव. ते वापरायचं असं. आधी जीपीएमसीमधून 'बॅक अप ऑल' करून डोमेनच्या सगळ्या जीपीओंची प्रत एका फोल्डरमध्ये घ्यावी. पॉलिसी अ‍ॅनालायझरमध्ये 'अ‍ॅड' दाबून, फाइल मेनूतून 'अ‍ॅड फाइल्स फ्रॉम जीपीओज' निवडून ते फोल्डर दाखवावं, आयात करून नाव द्यावं. नाव देताना तारीख घालावी, महिन्याभरानं उपयोगी पडते. हे संच डॉक्युमेंट्समधल्या पॉलिसीअ‍ॅनालायझर फोल्डरमध्ये .पॉलिसीरूल्स फायली म्हणून साठतात. मायक्रोसॉफ्टच्या बेसलाइनचा तयार संच झिपच्या डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये असतोच, तोही तिथे आणून ठेवावा. मग दोन्हींवर खूण करून 'कम्पेअर टू इफेक्टिव्ह स्टेट' दाबायचं. अ‍ॅडमिन हक्क मागितले जातात, ते द्यावेत. त्याशिवाय सिक्युरिटी टेम्प्लेटच्या आणि ऑडिटच्या ओळी वाचता येत नाहीत.

समोर जो तक्ता येतो तो नीट वाचायला शिकलं की निम्मं काम झालं. एका ओळीला एक सेटिंग, एका स्तंभाला एक संच. पिवळा खाना म्हणजे त्या सेटिंगच्या किमती आपसात जुळत नाहीत. करडा म्हणजे त्या संचात ती सेटिंगच नाही. खालच्या पट्टीत त्या ओळीचा ग्रुप पॉलिसीतला मार्ग, रजिस्ट्रीतली जागा आणि किंमत कुठल्या फाइलमधून आली हे दिसतं. समजा आयपी सोर्स राउटिंगच्या ओळीत बेसलाइनखाली २, आपल्या जीपीओखाली करडं आणि सर्व्हरच्या स्तंभातही काही नाही, तर ती सेटिंग कुणी लावलेलीच नाही. जीपीओखाली २ आहे आणि सर्व्हरखाली वेगळी किंमत किंवा रिकामं, तर पॉलिसी वाटेत कुठेतरी अडकली. तिसरी तऱ्हा विसरली जाते: जीपीओखाली करडं, सर्व्हरखाली मात्र २. म्हणजे पूर्वी कधीतरी लावलेली सेटिंग जीपीओ काढल्यावरही सर्व्हरवर चिकटून राहिली. एमएसएस आणि एमएस सिक्युरिटी गाइडमधल्या बऱ्याच सेटिंग्ज रजिस्ट्रीच्या पॉलिसीज किल्लीच्या बाहेर लिहितात, म्हणून जीपीओ गेला तरी किंमत पुसली जात नाही. एडिटरमध्ये 'नॉट कॉन्फिगर्ड' वाचून सर्व्हरही कोरा आहे असं धरलं तर फसगत होते.

खालच्या पट्टीतला मार्ग मात्र त्या मशीनवरच्या एडीएमएक्स फायलींमधूनच येतो. ज्या मशीनवर टेम्प्लेट नाही तिथे पट्टीत रजिस्ट्रीची जागा दिसते, सेटिंगचं मराठमोळं सोडाच, इंग्रजी नावही दिसत नाही. म्हणून विश्लेषण अशा मशीनवर करावं जिथे टेम्प्लेट आधीच बसवली आहेत.

दोन ठिकाणी हा तक्ता चकवतो. पासवर्डची किमान लांबी, लॉकआउट वगैरे अकाउंट पॉलिसी एखाद्या ओयूवर (ऑर्गनायझेशनल युनिट, डोमेनमधला उपगट) लावलेल्या जीपीओत ठेवली की ती त्या ओयूतल्या सर्व्हरच्या स्थानिक खात्यांना लागते, डोमेनच्या खात्यांना नाही. डोमेनच्या खात्यांसाठी ती डोमेनच्या मुळाशी जोडलेल्या जीपीओतच हवी. मेंबर सर्व्हरवर (डोमेनमधला, पण कंट्रोलर नसलेला) पॉलिसी अ‍ॅनालायझर चालवलं की तक्ता हिरमुसला न दिसता सगळं जुळलेलं दाखवतो, आणि डोमेनचे वापरकर्ते तरीही सहा अक्षरी पासवर्ड ठेवत राहतात. दुसरा चकवा ऑडिटचा. जुन्या पद्धतीच्या नऊ ऑडिट वर्गवाऱ्या आणि नव्या उपवर्गवाऱ्या एकत्र लावल्या की गोंधळ होतो, म्हणून बेसलाइन 'फोर्स ऑडिट पॉलिसी सबकॅटेगरी सेटिंग्ज' चालू करते. मग जुन्या नऊ ओळी दिसत असूनही त्यांचा परिणाम होत नाही. स्थानिक सिक्युरिटी पॉलिसीच्या खिडकीत प्रगत ऑडिटखाली 'नॉट कॉन्फिगर्ड' दिसतं आणि प्रत्यक्षात सर्व्हर सगळं नोंदवत असतो. इथे खिडकीवर विश्वास ठेवू नये. ऑडिटपोल स्लॅश गेट स्लॅश कॅटेगरी कोलन तारा या आज्ञेचं उत्तर खरं मानावं.

भारतातल्या सर्व्हरांसाठी ऑडिटच्या ओळी जास्त जपाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची असते. लॉगऑनची उपवर्गवारीच बंद असेल तर १८० दिवस जपलेली फाइल रिकामी निघते. तेव्हा तक्त्यात ऑडिटच्या ओळींपैकी एकही खाना करडा असू नये, आणि सिक्युरिटी लॉगचा कमाल आकार आपल्या सर्व्हरच्या गर्दीला पुरतो का हेही त्याच वेळी पाहावं.

टूलकिटची खरी उणीव इथून पुढे. पॉलिसी वाटेत अडकली हे ते सांगतं, कुठे अडकली हे नाही. कोणता जीपीओ जिंकला, कोणता नाकारला गेला, याची त्याला गंधवार्ता नसते. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसही ते वाचत नाही. त्यासाठी सर्व्हरवर अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमधून जीपीरिझल्ट स्लॅश एच देऊन अहवाल काढावा. 'डिनाइड जीपीओज'खाली कारण लिहिलेलं असतं. सिक्युरिटी फिल्टरिंगमुळे नकार असेल तर त्या जीपीओच्या डेलिगेशनमध्ये जाऊन पाहावं. 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' कुणीतरी काढून टाकलेलं असतं आणि सर्व्हरच्या कॉम्प्युटर खात्याला वाचायचाही हक्क उरलेला नसतो. वापरकर्त्यांच्या सेटिंग्जच्या बाबतीत हीच चूक जून २०१६ च्या एमएस१६-०७२ या अपडेटनंतर अनेक ठिकाणी उघडी पडली, कारण तेव्हापासून त्या पॉलिसीही कॉम्प्युटरच्या खात्यानं वाचल्या जातात. उपाय तोच: ऑथेंटिकेटेड यूजर्स किंवा डोमेन कॉम्प्युटर्सना निदान 'रीड'.

अहवालात जीपीओ लागू दिसतो, पण सेटिंग्ज जुन्याच येतात, तेव्हा संशय सिसव्हॉलवर घ्यावा. एका डोमेन कंट्रोलरवर जीपीओ बदलला, दुसऱ्यावर डीएफएसआरची (कंट्रोलरांमध्ये सिसव्हॉलच्या प्रती पोचवणारी सेवा) प्रतच पोचली नाही, आणि आपला सर्व्हर नेमका दुसऱ्याकडून पॉलिसी घेतोय. जीपीएमसीमध्ये डोमेनवर टिचकी मारून 'स्टेटस' टॅबवर 'डिटेक्ट नाउ' दाबलं की कुठला कंट्रोलर मागे आहे ते दिसतं. कंट्रोलरच्या डीएफएस रेप्लिकेशन लॉगमध्ये २२१३ हा नोंदीचा नंबर दिसला तर अचानक वीज गेल्यामुळे किंवा अर्धवट बंद झाल्यामुळे रेप्लिकेशन थांबलेलं आहे. ४०१२ दिसला तर तो कंट्रोलर ६० दिवसांच्या मुदतीपेक्षा जास्त काळ मागे राहिला आहे. तिथे उगाच पुन्हा चालू करू नये, आधी कुठली प्रत खरी हे ठरवावं. सर्व्हरवर १०५८ नंबरची नोंद आली तर जीपीटी.आयएनआय फाइल वाचता आली नाही असा अर्थ. बहुधा डीएनएस, परवानगी किंवा हेच रेप्लिकेशन.

आणि शेवटचा आजार: पोचली, पण लागली नाही. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये एससीईसीएलआय या स्रोताची १२०२ नंबरची नोंद शोधावी. तीत ०एक्स५३४ (दशमानात १३३२) हा कोड असेल तर पॉलिसीत असं खातं लिहिलेलं आहे जे आता अस्तित्वात नाही, किंवा नाव चुकलंय. यूजर राइट्स असाइनमेंट आणि रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स ही त्याची नेहमीची घरं. कोणतं खातं, हे विंडोज फोल्डरमधल्या सिक्युरिटी, लॉग्ज इथल्या विनलॉगऑन.लॉग फाइलमध्ये 'कॅनॉट फाइंड' शोधलं की नावासकट मिळतं. फाइलमध्ये पुरेसा तपशील नसेल तर रजिस्ट्रीत विनलॉगऑनच्या जीपीएक्स्टेन्शन्सखाली ८२७डी३१९ई ने सुरू होणाऱ्या किल्लीत 'एक्स्टेन्शनडीबगलेव्हल' डीवर्ड २ करावी आणि जीपीअपडेट फोर्स द्यावं. ०एक्स४बी८ (१२०८) हा कोड नुसताच काहीतरी बिघडल्याचं सांगतो, खरं कारण त्याच लॉगमध्ये असतं. सिक्युरिटी, डेटाबेस फोल्डरमधली एसईसीएडिट.एसडीबी खराब झाली असेल तर आधी तिची प्रत काढावी, ईएसईएनटीयूटीएल स्लॅश जी नं तपासावी, मगच स्लॅश पी नं दुरुस्ती. डीएफएलटीबेस.आयएनएफ लावून सगळं मूळपदावर आणायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो डोमेन कंट्रोलरवर मुळीच पाळू नये, आणि मेंबर सर्व्हरवरही बॅकअपशिवाय नाही.

एक लहानशी गोष्ट मनस्ताप वाचवते. जीपीओ बदलला नसेल तर सिक्युरिटी सेटिंग्ज दर ९० मिनिटांच्या नेहमीच्या फेरीत पुन्हा लिहिल्या जात नाहीत, त्या साधारण १६ तासांनी एकदा लिहिल्या जातात. कुणी हातानं रजिस्ट्री बदलली तर तोवर सेटिंग 'गायब'च दिसेल. फोर्स जोडलेलं जीपीअपडेट इथे खरंच कामाचं आहे.

एलजीपीओ हे कमांड लाइनचं साधन डोमेनबाहेरच्या सर्व्हरांसाठी उत्तम आहे. सहकारी पतसंस्थेतला किंवा छोट्या कारखान्यातला एकुलता एक वर्कग्रुप सर्व्हर असेल तर डोमेन उभं न करता बेसलाइन लावता येते. स्लॅश बी नं बॅकअप, स्लॅश जी नं आयात, स्लॅश पार्स नं रजिस्ट्री.पीओएल फाइल वाचण्याजोगी. ऑडिटसाठी स्लॅश ए आणि स्लॅश एसी असे दोन पर्याय आहेत. दुसरा आधीची ऑडिट पॉलिसी साफ करून मग नवी लावतो. बेसलाइनची 'बेसलाइन-लोकलइन्स्टॉल' स्क्रिप्ट चालवण्याआधी एलजीपीओ.ईएक्सई तिच्या टूल्स उपफोल्डरमध्ये ठेवावी लागते, नाहीतर ती सुरुवातीलाच थांबते. झिप उलगडण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' करावं, म्हणजे पॉवरशेल अडवत नाही.

इथे सगळ्यात महागात पडणारी चूक पर्याय निवडताना होते. स्क्रिप्टला डब्ल्यूएसमेंबर आणि डब्ल्यूएसनॉनडोमेनजॉइन्ड असे वेगळे पर्याय आहेत. मेंबरच्या बेसलाइनमध्ये स्थानिक खात्यांना रिमोट डेस्कटॉपवरून येण्यास मनाई असते. डोमेनमध्ये हे योग्यच, कारण चोरलेला स्थानिक अ‍ॅडमिन पासवर्ड सर्व्हरोसर्व्हरी फिरवता येत नाही. पण वर्कग्रुप सर्व्हरवर स्थानिक खात्यांशिवाय दुसरी खातीच नसतात. तो पर्याय चुकून दिला की पुढच्या क्षणी दाराची कडी आतून लागते आणि रात्री गाडी काढून सर्व्हरच्या कन्सोलपर्यंत जावं लागतं. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर तर तेवढीही सोय प्रत्येकाकडे नसते.

परतीचा मार्गही नीट समजून घ्यावा. स्लॅश बी नं घेतलेला बॅकअप स्लॅश जी नं पुन्हा लावला म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं होत नाही. बॅकअपमध्ये ज्या सेटिंग्ज नव्हत्या, त्या नव्या बेसलाइननं लावलेल्या तशाच राहतात. रजिस्ट्रीच्या सेटिंग्ज एलजीपीओच्या मजकूर फाइलमध्ये 'क्लिअर' लिहून एकेक काढता येतात, पण यूजर राइट्ससारख्यांना जुनी किंमतच द्यावी लागते. म्हणून आधी व्हीएमचा स्नॅपशॉट किंवा पूर्ण बॅकअप.

एमएस सिक्युरिटी गाइडमधली एक सेटिंग जवळून बघण्यासारखी आहे: 'कॉन्फिगर एसएमबी व्ही१ क्लायंट ड्रायव्हर'. एसएमबी व्ही१ हा फाइल-शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल बंद करायचा म्हणून हात आपोआप 'डिसेबल्ड'वर जातो. तिथेच घात होतो. ती सेटिंग 'इनेबल्ड' करून खालच्या यादीतून 'डिसेबल ड्रायव्हर' निवडायचं असतं. टेम्प्लेटच्या मदत मजकुरात कुठल्याही परिस्थितीत 'डिसेबल्ड' निवडू नका असा इशारा मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. एवढा मोठा इशारा द्यावा लागतो, तिथे रचनाच चुकलेली आहे, असं आमचं ठाम मत आहे. बदल रीस्टार्टनंतरच लागू होतो, त्यामुळे चूकही उशिरा कळते.

पॉलिसी अ‍ॅनालायझरबद्दलच्या उरलेल्या तक्रारी लहान आहेत, पण रोजच्या. ते फक्त चालू असलेल्या मशीनची अवस्था वाचतं, नेटवर्कवरून वीस सर्व्हर एका दमात तपासता येत नाहीत. एक्सेलमध्ये तक्ता काढायला त्याच मशीनवर एक्सेल लागतं, जे सर्व्हरवर नसतंच आणि नसावंच. सर्व्हर कोअरवर खिडकीच नाही, तिथे एसईसीएडिट स्लॅश एक्स्पोर्ट स्लॅश मर्ज्डपॉलिसी नं सिक्युरिटी टेम्प्लेट बाहेर काढून दुसऱ्या मशीनवर 'अ‍ॅड सिक्युरिटी टेम्प्लेट'मधून जोडावं लागतं. बॅकअपच्या फोल्डरांना लांबलचक जीयूआयडीची नावं असतात, ती माणसांना कळावीत म्हणून टूल्समधली मॅपगाइड्सटूजीपीओनेम्स ही छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट वापरावी.

ज्यांच्याकडे पाच ते पन्नास विंडोज सर्व्हर आहेत आणि ऑडिट दर वर्षी येतं, त्यांनी हे टूलकिट बिनदिक्कत घ्यावं. त्याहून मोठ्या पसाऱ्याला केंद्रीय अहवाल देणारं साधन सोबत लागेलच. सर्व्हर २०२५ वर नव्यानं जाणाऱ्यांनी ओएसकॉन्फिग हे पॉवरशेल मॉड्यूलही पाहावं. ते बेसलाइन लावतं आणि किंमत कुणी हलवली तर परत जागेवर आणतं. पण ते आणि डोमेनचा जीपीओ एकाच सेटिंगला दोन किमती देत असतील तर सेटिंग इकडून तिकडे हलत राहते. तेव्हा ते लावण्याआधी त्या सर्व्हरच्या ओयूवरचे सगळे जीपीओ पॉलिसी अ‍ॅनालायझरमध्ये बेसलाइनशेजारी ठेवून पिवळे खाने मोजावेत.